ऑफव्हाइट निवडला आणि भिंत गुलबट निघाली

प्रश्न: घर रंगवायला काढलंय. शेड कार्डावरच्या बोटाएवढ्या चौकोनात एक ऑफव्हाइट अगदी साधा, शांत वाटला, म्हणून हॉलसाठी तोच घेतला. दोन हात मारून झाले आणि आता भिंत दिवसा करडी-गुलबट दिसते, रात्री दिवे लावले की थेट कातडीच्या रंगाची. हॉलच्या खिडक्या उत्तरेला आहेत. फरशी आधीचीच, फिकट पिवळट-बदामी. ती बदलायची नाहीये. नवरा म्हणतो, "आता जास्त डोकं लावू नकोस, पांढराशुभ्र मारून टाक." सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, डोळ्याला सवय होते." मला तर सगळ्या घराला मिळून एकच हलका रंग हवा होता, म्हणजे कटकट नको. बाकीच्या खोल्यांचं काम थांबवून ठेवलंय आणि रंगारी रोज विचारतोय. कोणता शेड घेऊ? छताला आणि दारांना काय लावू? आणि उरलेल्या डब्याचं काय करू?
— भिंतीकडे बघत बसलेली

उत्तर:

काम थांबवलंत हे फार बरं केलंत. रंगाऱ्याला अजून थोडं थांबायला सांगा, कारण मी तुम्हाला शेडचा नंबर देणार नाहीये. तुमची फरशी आणि खिडकी न बघता जो कोणी नंबर देईल, त्याचं ऐकूही नका. नंबरापर्यंत कसं पोचायचं, ते मात्र सविस्तर सांगते.

हलका, 'कशावरही चालेल' असा रंग घेतला की धोका नाही, असं आपल्याला वाटतं. अनुभव नेमका उलटा येतो. गडद निळी भिंत कुठल्याही फरशीवर आणि कुठल्याही दिव्याखाली निळीच दिसते. ऑफव्हाइटमध्ये स्वतःचा रंग इतका थोडा असतो की तो कसा दिसणार हे फरशी, खिडकी आणि बल्बच ठरवतात. म्हणून असा रंग निवडताना शेड कार्ड सगळ्यात शेवटी उघडायचं. तुम्ही ते पहिल्यांदा उघडलंत, बहुतेक सगळेच तसं करतात.

आधी डब्यात काय होतं ते बघू. कुठलाही ऑफव्हाइट म्हणजे पांढरा बेस आणि त्यात मोजके रंगीत थेंब. बेसला पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. विसाव्या शतकात त्याने शिशाच्या जुन्या सफेद्याची जागा घेतली. दुकानातलं टिंटिंग मशीन त्यात थोडा पिवळा ऑक्साइड, थोडा लाल ऑक्साइड, थोडा काळा, क्वचित हिरवा किंवा जांभळट रंग सोडतं. या थेंबांच्या प्रमाणातून रंगाला झाक येते. पिवळा जास्त असेल तर झाक मलईदार, लाल असेल तर गुलबट, काळ्याबरोबर पिवळा असेल तर किंचित शेवाळी, आणि नुसता काळा असेल तर निळसर राखाडी. कार्डावरच्या चौकोनात ही झाक लपून राहते, कारण तो तुकडा लहान असतो आणि त्याच्या शेजारी त्याच्याच जातीचे दहा तुकडे असतात.

तुमच्या डब्याच्या झाकणावर लेबल असेल. बहुतेक वेळा त्यावर या थेंबांचा हिशेब सांकेतिक अक्षरांत छापलेला असतो. दुकानदाराला त्याचा अर्थ विचारा. त्यात लाल ऑक्साइड निघेल, अशी माझी जवळपास खात्री आहे.

पण तेवढ्याने तुमचा हॉल गुलबट झालेला नाही. तोच रंग राखाडी फरशीच्या घरात कदाचित छान उबदार वाटला असता. तुमच्याकडे तीन गोष्टी एकदम घडल्या.

पहिली फरशीची. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतींवर टांगायची मोठमोठी चित्रवस्त्रं विणत. तिथे रंगाईचा प्रमुख होता मिशेल यूजीन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ. काळी लोकर फिकी, निस्तेज दिसते, अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्याने तपासलं तर रंगाईत काहीच खोट नव्हती. त्या काळ्या लोकरीशेजारी विणलेले रंग तिचं रूप बदलत होते. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, आणि प्रत्येक रंग शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकल्यासारखा भासतो. हा नियम त्याने १८३९ साली सविस्तर प्रसिद्ध केला. तुमची फरशी पिवळट आहे आणि पिवळ्याच्या विरुद्ध बाजूला निळा-जांभळा असतो. म्हणजे तिच्याशेजारी भिंत थोडी जांभळ्याकडे झुकणार. रंगात आधीच लाल होता, त्यावर हा झुकाव आला, आणि तुम्हाला दिवसा तो करडा-गुलबट रंग दिसू लागला.

दुसरी गोष्ट खिडकीची. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा पसरलेला, निळसर उजेड. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी हेच दक्षिणेच्या खिडकीबद्दल वाचावं. या उजेडात रंगातला पिवळा भाग दबतो आणि करडा-जांभळा वर येतो. पूर्वेच्या खोलीत सकाळी आणि पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी ऊन पिवळं-केशरी असतं, त्यामुळे तिथे तोच डबा वेगळं रूप दाखवतो. खिडकीबाहेर दाट झाडं असली तर आत हिरवट उजेड येतो, समोर विटांची लाल भिंत असली तर तांबूस. हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट रात्रीच्या दिव्यांची. 'कातडीचा रंग' हे तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की तुमचे बल्ब 'वॉर्म' जातीचे, म्हणजे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे असणार (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यांच्या उजेडात निळा कमी आणि पिवळा-तांबडा जास्त असतो, त्यामुळे रंगातला लाल उसळून वर येतो. या सगळ्यात आणखी एक भर म्हणजे भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. गुलबट भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या गुलबट भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा इकडे. म्हणून खोलीभर लावलेला रंग कार्डावरच्यापेक्षा नेहमी जास्त रंगीत दिसतो. कोपऱ्यात बघा, तिथे हे सगळ्यात ठळक असतं.

आता घरातल्या दोन मतांबद्दल.

पांढराशुभ्र मारण्याचा सल्ला सोपा वाटतो, पण तुमच्या हॉलला तो मानवणार नाही. उत्तरेच्या उजेडात शुभ्र भिंत निळसर राखाडी दिसते, कारण तिच्यावर जो उजेड पडतो तोच ती परत करते. कोपरे आणि छताजवळचा भाग मळल्यासारखा वाटतो. शिवाय फरशीचं काय होईल बघा. शुभ्र भिंतीच्या शेजारी ती आहे त्याहून पिवळी, जुनी दिसेल, आणि मग घरात फरशी बदलायची चर्चा सुरू होईल. भरपूर ऊन येणारी खोली आणि पांढरी किंवा राखाडी फरशी असती तर मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले असते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. डोळा खरंच जुळवून घेतो. एखाद्या खोलीत थोडा वेळ बसलं की तिथल्या उजेडाचा रंग जाणवेनासा होतो आणि भिंत पांढरी वाटू लागते. रिकाम्या खोलीत भिंत जितकी डोळ्यांत भरते तितकी सामान, पडदे आल्यावर भरत नाही, हेही खरं. पण फरशी आणि भिंत तुम्हाला कायम एकाच नजरेत दिसणार, आणि त्यांच्यातली विसंगती सवयीने जात नाही. ही झोपायची खोली असती तर मी राहू दे म्हटलं असतं. हॉल मात्र पुन्हा रंगवा, कारण बाकीचं सगळं घर तुम्ही त्याच्याशी जुळवणार आहात.

त्याआधी एक अगदी स्वस्त प्रयोग करा. हॉलमधला एखादा बल्ब काढून तिथे ४००० केल्विनचा लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो, तो ९० च्या वर असलेला घ्या. साध्या एलईडीचा तो ८० च्या आसपास असतो आणि त्या उजेडात रंग, विशेषतः लालसर छटा, नीट उमटत नाहीत. या एका बल्बने रात्रीची तक्रार किती कमी होते ते बघा. दिवसाची तक्रार उरेलच, पण घरात कुठले दिवे राहणार हे ठरल्याशिवाय रंग निवडणं म्हणजे दुहेरी काम. ६५०० केल्विनचे निळसर दिवे राहत्या खोलीला लावू नयेत असं माझं मत आहे. काहींना आवडतात, पण त्यांच्याखाली एकही ऑफव्हाइट ऊबदार दिसत नाही.

दिवे ठरले की निवडीकडे या. न बदलणाऱ्या गोष्टी आधी एकत्र करा. तुमच्याकडे फरशी आहे, स्वयंपाकघराच्या टाइल्स असतील, दारांचं लाकूड असेल, मोठा सोफा असेल. फरशीचा उरलेला तुकडा घरात असेल तर तो दुकानात घेऊन जा आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता दाराबाहेर उजेडात बघा. दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फटकून वागतात, हे नेहमीचंच आहे.

तुमच्या फरशीसाठी दिशा अशी: भिंत फरशीच्याच पिवळसर कुटुंबातली असावी, पण तिच्यापेक्षा बरीच फिकी आणि जरा जास्त करडी. पिवळ्या ऑक्साइडचा आणि काळ्याचा अगदी थोडा अंश असलेले, लाल जवळपास नसलेले शेड शोधा. इथे एक खाच आहे. पिवळा आणि काळा मिळून हिरवट होतात, आणि उत्तरेच्या उजेडात तो हिरवटपणा पुढे येऊ शकतो. तो मारायला लालचा एखादा थेंब लागतो. म्हणून एकाच शेडवर अडून न बसता तीन घ्या: एक फक्त पिवळा-काळा, एक त्यातच किंचित लाल असलेला, आणि एक उघड मलईदार. तिन्हींतला कोणता जिंकेल हे तुमची खोली ठरवेल. माझा कौल दुसऱ्याला आहे.

झाक ओळखायची एक युक्ती आहे. कार्डाच्या ज्या पट्टीवर तुमचा फिका शेड आहे, तिच्यावरचा सगळ्यात गडद शेड बघा. बहुतेक वेळा तो त्याच कुटुंबाचा असतो आणि फिक्यात दडलेलं तो उघड करतो. गडद शेड मातकट गुलाबी असेल तर वरचा ऑफव्हाइटही भिंतीवर गुलबट होणार. पांढऱ्या कागदावर शेड ठेवून बघायचा सल्ला बरेच जण देतात. तो एका मर्यादेत ठीक आहे. छपाईच्या कागदात निळसर चमक देणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे त्याच्यापुढे सगळेच ऑफव्हाइट पिवळे वाटतात. दोन-तीन शेडची आपापसांत तुलना करा, म्हणजे फसगत होत नाही. मोबाइलवरचे फोटो बघून तर काहीच ठरवू नका.

शेड किती फिका घ्यावा, यासाठी एलआरव्ही नावाचा एक आकडा उपयोगी पडतो. पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के तो परत फेकतो, हे त्यावरून कळतं. पूर्ण काळा म्हणजे ०, आदर्श पांढरा म्हणजे १००. शेड कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या यादीत तो बहुधा दिलेला असतो. ८५ च्या पुढे गेलात की भिंत व्यवहारात पांढरीच दिसते, ६० च्या खाली आलात की तिला सरळ रंगीत म्हणावं लागतं. तुमच्या हॉलला ७० ते ७८ च्या दरम्यानचा शेड बसेल. तेवढ्यात फरशीपासून पुरेसा उठाव मिळतो, आणि शुभ्र भिंतीची राखाडी झाकही टळते.

नमुना भिंतीवर मारू नका. गुलबट भिंतीवर नव्या रंगाचा ठिपका मारलात की शेव्ह्रलसाहेबांचा नियम पुन्हा कामाला लागतो, आणि नवा रंग आहे त्याहून हिरवट दिसतो. चांगला मोठा पांढरा पुठ्ठा किंवा पातळ बोर्ड घ्या, निदान दोन-दोन फुटांचा. त्यावर प्रत्येक शेडचे दोन हात कडेपर्यंत मारा आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यावर आधारलेला रंग, ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. ओल्या रंगावरून घरात भांडणं व्हायला नकोत. मग बोर्ड जमिनीवर उभा करा, खालची कड फरशीला टेकवून. आडवा ठेवून बघाल तर त्यावर वेगळाच उजेड पडतो. आज खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, उद्या खिडकीसमोरच्या भिंतीला, मग कोपऱ्यात, मग दाराच्या लाकडाशेजारी असा तो फिरवत राहा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून बघा. एखादा ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच.

भिंती एकमेकींना किती रंगवतात हे आधीच बघायचं असेल तर एक रिकामं खोकं घ्या आणि आतून पूर्ण रंगवा. आत डोकावलं की दिसणारा रंग बोर्डपेक्षा जास्त गडद आणि जास्त रंगीत असेल. तुमची खोली त्याच दिशेने जाणार. खोक्यातही जो शेड आवडतो तो घ्या. दोन शेडमध्ये मन अडकलं तर त्यातला जास्त करडा निवडा, चार भिंती त्याला रंगीत करतीलच.

सगळ्या घराला एकच रंग ही तुमची कल्पना मला पटते. दारं उघडी असली की एका खोलीतून दुसरी दिसते, आणि दोन वेगळे ऑफव्हाइट शेजारी आले की त्यातला एक हमखास मळका वाटतो. पण एकच डबा म्हणजे सगळीकडे एकच दिसणं, अशी अपेक्षा ठेवू नका. पश्चिमेच्या खोलीत तो संध्याकाळी केशरी होईल, उत्तरेला करडाच राहील. बोर्ड प्रत्येक खोलीत फिरवून बघा. एखाद्या खोलीत अगदीच पटला नाही तर त्या खोलीपुरता वेगळा शेड घ्या आणि तिचं दार बंद असतं याचं समाधान माना.

खिडकी नसलेला बोळ किंवा पॅसेज असेल तर तिथे हलक्या रंगाकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. भिंत फार तर तिच्यावर पडलेला उजेड परत देईल, पडलाच नाही तर देणार काय? मंद उजेडात डोळ्याला रंगही नीट ओळखू येत नाहीत, म्हणून तिथला ऑफव्हाइट राखाडी दिसतो. अशा जागी आधी दिवा वाढवा. किंवा अंधारी जागा अंधारी मानून तिथे एखादा भरदार रंग द्या. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

छत. छताला खिडकीचा थेट उजेड फार कमी मिळतो, बराचसा फरशीवरून उसळून वर जातो. म्हणून भिंतीचाच रंग छताला लावला की तो एक पायरी गडद वाटतो, आणि तुमच्याकडे फरशीचा पिवळेपणाही त्यात मिसळेल. दुकानदाराला त्याच शेडचं अर्ध्या ताकदीचं मिश्रण मागा, म्हणजे थेंब निम्मे आणि बेस तेवढाच. बहुतेक ठिकाणी करून देतात. भिंतीशी नातं राहतं आणि छत हलकं दिसतं. ते शक्य नसेल तर छताचा साधा पांढरा घ्या, मात्र निळसर चमक मारणारा नको.

दारं-चौकटी रंगवलेल्या असतील तर त्यांचा पांढराही शुभ्र ठेवू नका, नाहीतर भिंत त्यांच्यापुढे मळकी दिसेल. भिंतीचाच शेड जास्त चमकदार पोतात लावणं हा सगळ्यात बिनधोक मार्ग. तेलाचा पांढरा एनॅमल काळाच्या ओघात पिवळा पडतो, आणि अंधाऱ्या जागी, दाराच्या मागच्या बाजूला किंवा कपाटाच्या आत जास्त पडतो. पाण्यावर आधारलेला एनॅमल घेतलात तर ही तक्रार येत नाही. दारं लाकडी पॉलिशची असतील तर त्यांना हात लावू नका.

पोताबद्दल थोडक्यात: हॉल आणि झोपायच्या खोल्यांना मॅट, म्हणजे बिनचमकीचा, चांगला. तो भिंतीचे उंचवटे लपवतो आणि त्यावरचं टचअप फारसं ओळखू येत नाही. जिथे हात लागतात, पाणी उडतं, मुलं रेघोट्या ओढतात, तिथे पुसता येणारा, किंचित चमकणारा सॅटिन घ्या. खिडकीच्या अगदी लगतच्या भिंतीवर उजेड तिरपा पडतो. तिथे चमक असली तर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, प्रत्येक ओरखडा दिसतो. आणि नमुन्याचा बोर्ड ज्या पोतात मारला त्याच पोताचा डबा घ्या, कारण चमक बदलली की शेडही वेगळा भासतो.

प्रत्यक्ष काम तुमच्या बाबतीत फार नाही. भिंत नुकतीच रंगवलेली आहे आणि जुना-नवा रंग साधारण सारखेच फिके आहेत. हलकं घासून, धूळ पुसून दोन हात पुरतील. जिथे नव्याने लांबी भरली असेल तिथे मात्र आधी प्रायमर मारा, नाहीतर तो भाग रंग जास्त पितो आणि वाळल्यावर डाग दिसतात. कुठे ओल असेल, पोपडे सुटत असतील किंवा पांढरे क्षार फुटत असतील तर रंग मारू नका, ओलीचं मूळ आधी शोधा. बाकीच्या खोल्यांत जुने थर खरवडायचे असतील आणि घर बरंच जुनं असेल, तर खालच्या थरांत शिशाचा रंग असू शकतो. तो कोरडा घासू नका, ओला करून काढा, आणि मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा.

रंग किती लागेल याचा हिशेब स्वतः करा. ४ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली असेल तर चार भिंतींची लांबी १८ मीटर, क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. दारं-खिडक्यांचे ८ वजा केले तर ४६ उरतात, दोन हातांचे ९२. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर होतात, म्हणजे ८ ते ९ लिटर लागतील. नेमका आकडा डब्यावर असतो. सगळ्या घराचा रंग एकदम, एकाच बॅचचा घ्या आणि एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करायला सांगा. इतक्या फिक्या रंगात एका थेंबाचा फरकही दोन डब्यांत दिसतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उमटतो. रंगाऱ्याला आणखी एक सांगा: कडा ब्रशने काढल्या की त्या वाळायच्या आत रोलर फिरव. कडा आधी वाळल्या तर भिंतीभोवती चौकटीसारखा पट्टा कायमचा राहतो.

आता उरलेला डबा. दुकानदाराकडे नेऊन त्यात हिरवा टाकून गुलबटपणा मारून घ्यावा असं कोणी सुचवेल. तत्त्वतः ते बरोबर आहे, पण दुसऱ्यांदा तोच रंग कोणालाही बनवता येणार नाही, म्हणून हॉलसाठी ते करू नका. तोच रंग कपाटांच्या आतून, माळ्यावर, अडगळीच्या खोलीत लावा. तिथे तो कोणत्याही फरशीशी भांडणार नाही. लगेच वापरायचा नसेल तर लहान, काठोकाठ भरणाऱ्या बरणीत ओतून झाकण घट्ट लावा, कारण हवा कमी राहिली की साय कमी धरते. नव्या रंगाचीही अशीच एक बरणी टचअपसाठी ठेवा. तिच्यावर शेडचा नंबर, बॅच, पोत आणि तारीख लिहा, आणि झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी उघडल्यावर कुजका वास आला किंवा ढवळूनही गुठळ्या मोडल्या नाहीत, तर तो रंग भिंतीला लावू नका.